शाळेची मुले पुढे कुठे गेली?

प्रश्न : नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मिशनच्या मराठी माध्यमाच्या छोट्या शाळेत मी उभे आयुष्य शिकवले आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शाळेला आता १०० वर्षे होत आहेत. स्मरणिकेतील ‘माजी विद्यार्थी’ हा विभाग माझ्याकडे आला आहे. समितीच्या अध्यक्षांना २५ डॉक्टर, इंजिनीअर आणि परदेशी स्थायिक झालेल्यांची छायाचित्रे हवी आहेत. पाळकसाहेबांना (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना) मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेत किती जण गेले याची गणना हवी आहे. पट घटतो आहे, तेव्हा शाळेने आजवर दिले काय, असे संस्थेतील काही जण विचारतात. मी मात्र रजिस्टर उघडले की मला नर्स झालेल्या मुली दिसतात, एसटीत वाहक झालेला मुलगा दिसतो, नववीतून उठून ऊसतोडीला परत गेलेली एक मुलगी दिसते, आणि माझ्या हाताखालचा सर्वांत हुशार मुलगा, जो आज दारूच्या आहारी गेला आहे, तोही दिसतो. बोर्डिंगच्या मुलांना शाळेत वेगळे वागवले जाई, कंपाउंड झाडणे, पाणी भरणे ही कामे फक्त त्यांनाच असत आणि वर्गात त्यांना ‘बोर्डिंगवाले’ म्हणत, असे सांगणारे एका माजी विद्यार्थ्याचे पत्रही आले आहे. यांपैकी काय छापावे? आणि माझ्या मुलांचे पुढे काय झाले, या प्रश्नाला मी प्रामाणिक उत्तर कसे द्यावे?

उत्तर :

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

पहिला सल्ला असा की २५ जणांच्या निवडीपासून सुरुवात करू नका. १०० वर्षांत आपल्या शाळेतून काही हजार मुले गेली असतील. एवढ्या मुलांत २५ डॉक्टर आणि इंजिनीअर कोणत्याही शाळेला सापडतील, अगदी ज्या शाळेने मुलांसाठी फारसे काही केले नाही तिलाही. त्या छायाचित्रांवरून वाचकाला शाळेविषयी काहीच कळणार नाही. आपण त्याऐवजी चार तुकड्या घ्या, उदाहरणार्थ १९८५, १९९५, २००५ आणि २०१५ या वर्षी दहावीला बसायला हव्या होत्या त्या, आणि त्या तुकड्यांतील प्रत्येक मुलाचा शोध घ्या. एकही नाव गाळायचे नाही, आवडते नाही आणि नावडतेही नाही. हे काम कष्टाचे आहे. पण शाळा छोटी असल्यामुळेच ते होण्याजोगे आहे. एका वर्गात २०–२५ मुले असतील तर चार तुकड्या मिळून १०० नावांच्या आत प्रकरण राहते, आणि त्यांतील निम्मी तरी आपल्याला चेहऱ्यानिशी आठवत असणार.

‘दहावीला बसायला हव्या होत्या’ असे मी मुद्दाम लिहिले. तुकडीची यादी दहावीच्या निकालपत्रावरून करू नका. ती जनरल रजिस्टरवरून, पाचवीत किंवा आठवीत ज्यांची नावे पटावर होती त्यांच्यावरून करा. मधल्या वर्षांत जी मुले गळाली त्यांच्यापुढे ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात काहीतरी नोंद असेलच: पालकांचे स्थलांतर, सतत गैरहजर, पालकांच्या विनंतीवरून. या रकान्याकडे सहसा कोणी पुन्हा पाहत नाही, पण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. शाळेचा १०० टक्के निकाल आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. त्या निकालासाठी नववीतच काही मुलांना बाजूला काढून १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळाही आपल्या महाराष्ट्रात आहेत, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. आपल्या शाळेने तसे केले असेल तर ते रजिस्टरात दिसेल. केले नसेल, कच्च्या मुलांनाही शाळेच्याच नावावर परीक्षेला बसवले असेल आणि त्यामुळे निकाल ८० टक्क्यांपर्यंत खाली आला असेल, तर ती गोष्ट स्मरणिकेत अभिमानाने छापण्यासारखी आहे, आणि ती छापणारी मंडळी फार थोडी असतात.

टक्केवारीविषयी एक सावधगिरी मात्र बाळगा. २४ मुलांच्या तुकडीत एक मूल म्हणजे चार टक्क्यांहून अधिक. एका वर्षी तीन मुली बी.एस्सी. नर्सिंगला गेल्या आणि पुढच्या वर्षी एकही गेली नाही, यावरून शाळेचा दर्जा घसरला असे कोणी म्हणू लागले तर ते चूक आहे; एवढ्या लहान आकड्यांत असा चढउतार केवळ योगायोगानेही होतो. म्हणून हायवेवरच्या मोठ्या इंग्रजी शाळेच्या टक्केवारीशेजारी आपली टक्केवारी मांडू नका. नावे मांडा, वर्षे मांडा, आणि मुले आली कुठून तेही मांडा. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. डॉक्टराचा मुलगा डॉक्टर झाला, तर त्यात शाळेचा वाटा किती हे सांगणे कठीण असते. पाथर्डी-शेवगाव भागातील ऊसतोड कुटुंबातला मुलगा, ज्याचे आईवडील दर हंगामात कारखान्याच्या तळावर जात आणि जो तेवढा काळ बोर्डिंगमध्ये राहून शाळेत टिकला, तो पुढे आयटीआय करून रांजणगाव किंवा चाकणच्या कारखान्यात फिटर झाला, तर त्याने किती अंतर कापले ते मोजायला हवे. अध्यक्षांच्या यादीत या मुलाला जागा नाही. आपल्या यादीत ती असावी.

आता काळाविषयी. चार तुकड्या दहा-दहा वर्षांच्या अंतराने घ्या असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. त्याच शाळेतून, त्याच बाईंच्या हाताखालून निघालेल्या दोन सारख्या मुलांची आयुष्ये केवळ जन्मसालामुळे वेगळी होतात. जुन्या काळी मिशन शाळेतून सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा खेड्यात मास्तर होऊ शकत असे. १९८५ च्या तुकडीतील जी मुलगी डी.एड. झाली, तिला बहुधा लवकर नोकरी लागली असेल आणि आज ती केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापिका म्हणून निवृत्तीला आली असेल. पुढे डी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले, हजारो मुलामुलींनी ती पदविका घेतली, आणि २०१२ नंतर शिक्षकभरती बराच काळ थांबल्यासारखी झाली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षाही आली. आपल्या २००५ च्या तुकडीत डी.एड. होऊन मोबाइलच्या दुकानात बसलेला किंवा खासगी शिकवणीवर घर चालवणारा कोणीतरी नक्कीच सापडेल. त्याला अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल, आणि त्याच्यावरून शाळेला जोखणेही. स्मरणिकेत या तुकडीविषयी लिहिताना ही भरतीची हकीकत दोन ओळींत जरूर सांगा, कारण त्या मुलांनी गेली कित्येक वर्षे नातेवाइकांचे टोमणे ऐकले आहेत आणि त्यांच्या शाळेने तरी खरे कारण छापून ठेवावे.

नर्स झालेल्या मुलींविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या पत्रात त्यांचा उल्लेख काहीसा संकोचाने आला आहे, जणू नर्स ही डॉक्टरच्या यादीतून खाली राहिलेली व्यक्ती असावी. महाराष्ट्रातल्या मिशन शाळांच्या इतिहासात नर्सिंग हा अपघात नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे केले, त्याला जोडून परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि इतर मिशन रुग्णालयांतही तशी सोय होत गेली. त्या काळी परक्या माणसाच्या शरीराला हात लावणे, रात्रपाळी करणे, घरापासून दूर वसतिगृहात राहणे या गोष्टी वरच्या जातींतील कुटुंबांना आपल्या मुलींसाठी मान्य नव्हत्या. ख्रिस्ती मुलींना मात्र मंडळीचे पाठबळ होते, प्रशिक्षणात राहण्याजेवणाची सोय होती, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेचे शिफारसपत्र रुग्णालयाच्या दारात चालत होते. यातून काही पिढ्या अशा घडल्या की ज्यांच्या घरात नियमित पगार घेणारी पहिली व्यक्ती ही मुलगी होती. तिच्या पगारावर भावांची शिक्षणे झाली, कुडाच्या घराला विटा लागल्या. पुढे याच वाटेने मुली मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत, आखाती देशांत गेल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ ख्रिस्ती नसलेल्या मुलीही त्या वाटेला लागल्या.

म्हणून आपल्या यादीतील नर्सांना केवळ ‘नर्स, अमुक रुग्णालय’ एवढ्या ओळीत बसवू नका. त्यांतील दोघीतिघींशी निवांत बोला. एएनएम की जीएनएम (परिचारिकेचे हे दोन वेगळे अभ्यासक्रम), कुठे प्रशिक्षण घेतले, फी कोणी भरली, पहिल्या पगारातून काय केले, धाकट्या भावंडांपैकी किती जणांचे शिक्षण त्यांच्या पैशावर झाले, हे विचारा. २०२० आणि २०२१ ही वर्षे त्यांनी कुठल्या वॉर्डात काढली हेही विचारा. माझी खात्री आहे की स्मरणिकेतले सर्वांत वाचनीय पान हेच होईल, आणि त्यासाठी आपल्याला एकही विशेषण वापरावे लागणार नाही.

पाळकसाहेबांच्या मागणीकडे वळतो. त्यांना गणना हवी आहे आणि ती देण्यात काही गैर नाही. शाळेतून कोणी पुढे यवतमाळला किंवा १९८३ नंतर पुण्याला युनियन बिब्लिकल सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्थेत गेले असतील, कोणी खेड्यात बायबल-बाई म्हणून, घरोघरी जाऊन स्त्रियांना बायबल शिकवण्याचे, काम केले असेल, तर ती नावे यादीत यावीतच. तथापि तेवढीच गणना हे शाळेच्या कामाचे माप आहे असे मानले, तर काय निसटते ते त्यांना आदरपूर्वक दाखवा, आणि त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पुढे १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि धर्माचा विचार स्वतंत्रपणे केला. बाप्तिस्मे मोजणाऱ्या मिशनच्या वार्षिक अहवालात या विद्यार्थ्याच्या नावापुढे शून्य लागले असते. आपल्याच नगरची गोष्ट घ्या. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ मध्ये सुरू झाले. सिंथिया फरार या मिशनरी बाईंनी तिथे चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या, त्यानंतर १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतले. मिशनची मोजपट्टी लावली तर सावित्रीबाईही शून्यातच. जोतीराव तर पुढे काही वर्षे मिशनच्या मुलींच्या बोर्डिंग शाळेत स्वतः शिकवतही होते; १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात त्यांनी ते सांगितले आहे. म्हणजे शाळा आणि विद्यार्थी यांचे नाते धर्मांतर न होताही टिकले, आणि त्याचा उपयोग दोघांनाही झाला.

दुसरे उदाहरण स्त्रियांच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा काढली, त्यात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. त्याच वर्षी, एव्हाना पुण्याला हलवलेल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून पुण्यात मोठे वादळ उठले होते. गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही. पुढे कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जी संस्था उभी केली आणि १९१६ मध्ये महिलांचे विद्यापीठ काढले, त्या सगळ्या कामात रमाबाईंच्या सदनातील एका मुलीचे घर, तिची मेहनत आणि तिने सोसलेला बहिष्कार होता. रमाबाईंच्या शाळेची मुलगी पुढे कुठे गेली, याचे उत्तर असे एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत उमटते. पाळकसाहेबांना एवढेच विचारा की आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या हिंदू आणि मुसलमान मुलांची नावे या गणनेत कुठल्या रकान्यात बसवायची. ते समंजस असतील तर गणनेचा आग्रह सोडणार नाहीत, पण ती स्वतंत्र पानावर घेतील.

अध्यक्षांशी वाद घालू नका. त्यांना त्यांची २५ छायाचित्रे द्या, मात्र चार तुकड्यांची संपूर्ण यादी आधी आणि छायाचित्रे नंतर, असा क्रम मान्य करून घ्या. ते स्वतः माजी विद्यार्थी असतील तर त्यांचीच तुकडी पाचवी तुकडी म्हणून घ्या आणि तिचा शोध त्यांच्यावर सोपवा. शाळेच्या आठवणीने गहिवरणाऱ्या माणसाला वर्गातील शेवटच्या बाकावरचा मित्र आज कुठे आहे हे शोधायला लावले, तर स्मरणिकेविषयीचे त्याचे मत आपोआप बदलते, असा माझा अनुभव आहे.

शोध कसा घ्यावा याविषयी थोडे व्यवहाराचे. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका. ज्यांचे बरे चालले आहे ते तिथे बोलतात, ज्यांचे बिनसले आहे ते गप्प राहतात किंवा ग्रुप सोडून जातात, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही ते तिथे कधी आलेलेच नसतात. मुली शोधणे सर्वांत अवघड जाईल, कारण लग्नानंतर आडनाव बदलते, गावही बदलते. ख्रिस्ती मुलींची माहिती मंडळीच्या विवाहनोंदवहीतून मिळेल, बाकीच्यांची माहेरच्या गावातून, भावाकडून किंवा आईकडून. जे वारले त्यांचीही नोंद करा, साल आणि शक्य असल्यास कारणासह. ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका, त्याने माणूस लगेच सावध होतो. शाळा सुटल्यावर लगेच काय केलेस, तिथून इथवर कसा आलास, शाळेतले काय उपयोगी पडले आणि काय जाचले, एवढेच विचारा. मिळालेली माहिती दोन वह्यांत ठेवा. एक छापण्यासाठी, ज्याच्या त्याच्या संमतीने. दुसरी शाळेच्या कपाटात कुलपाखाली, जिच्यात पत्ते, फोन आणि खासगी गोष्टी असतील. ज्याने नाव छापू नका म्हटले त्याचे नाव तुकडीच्या यादीत केवळ ‘एक विद्यार्थी’ म्हणून राहू द्या, पण संख्येतून त्याला वगळू नका.

नववीतून ऊसतोडीला परत गेलेल्या मुलीला भेटायला आपण स्वतः जावे असे मला वाटते. तिच्याविषयी आपण फक्त एका वाक्यात लिहिले आहे आणि त्या वाक्यात आपली हळहळ आहे. पण तिच्या आयुष्यात नववीपर्यंतच्या शिक्षणाने काही केले की नाही, हे आपल्याला अजून माहीत नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा (आगाऊ रकमेचा) हिशेब ती स्वतः वाचते का, पट्टीवरचे आकडे तिला कळतात का, तिच्या मुली शाळेत आहेत का, हंगामात त्यांना मागे ठेवण्यासाठी तिने काय केले, तिचे लग्न कितव्या वर्षी झाले आणि ती तिच्या मुलीचे कधी करणार आहे, हे विचारा. काही उत्तरे सुखद नसतील. पण शाळेचा परिणाम पुष्कळदा विद्यार्थ्यात दिसतच नाही, तो त्याच्या मुलांत दिसतो, आणि १०० वर्षांच्या शाळेला दुसऱ्या पिढीचा हिशेब मांडण्याची जी संधी आहे ती नव्या शाळांना मिळणार नाही. सूनही याच शाळेची, नातही याच शाळेची, अशी घरे आपल्या पंचक्रोशीत असतीलच.

त्या हुशार मुलाविषयी. त्याचे नाव तुकडीच्या यादीत इतरांसारखेच येईल, गाव आणि व्यवसाय यांसह, आणि व्यसनाचा एक शब्दही छापला जाणार नाही. याबाबतीत माझ्या मनात शंका नाही. पण छापण्यापलीकडे आपले त्याच्याशी नाते आहे, आणि आपल्या पत्रातील सर्वांत जड वाक्य त्याच्याविषयीचे आहे. त्याच्या व्यसनाचा दोष स्वतःकडे घेऊ नका. दारूचे व्यसन हा उपचार करण्याजोगा आजार आहे; तो हुशारीमुळे टळत नाही आणि चांगल्या शिक्षकामुळेही टळत नाही. त्याच्या घरच्यांना भेटा, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी चौकशी करून माहिती त्यांच्या हाती द्या. मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते आहे आणि तिथे घरच्या माणसांनाही मार्गदर्शन मिळते. त्याला शताब्दीच्या कार्यक्रमाचे निमंत्रण इतरांबरोबरच जाऊ द्या. जुन्या बाईंनी घरी येऊन विचारले, एवढ्याने व्यसन सुटेल असे मी म्हणणार नाही, पण उपचाराचा विषय घरात कोणीतरी पहिल्यांदा काढावा लागतो आणि तो काढण्याचा अधिकार आपल्याला आहे.

संस्थेतील मंडळी ‘शाळेने दिले काय’ असे विचारतात, त्यांना ही यादी पूर्ण उत्तर देणार नाही, हे आधीच समजून घ्या. हीच मुले दुसऱ्या शाळेत गेली असती तर काय झाले असते, हे यादी सांगू शकत नाही. तरी उत्तराच्या थोडे जवळ जाण्याचा एक मार्ग आहे. बोर्डिंगला आलेल्या अनेक मुलांची भावंडे गावीच राहिलेली असतात, जागा नव्हती म्हणून किंवा घरी गुरे राखायला कोणी हवे म्हणून. घर एक, जमीन एक, आईवडील तेच. एक मूल आपल्याकडे आले, दुसरे आले नाही. अशी दहाबारा घरे मिळाली तर त्या भावंडांची पुढची आयुष्ये शेजारी शेजारी लिहा. हा शास्त्रीय पुरावा नव्हे. बोर्डिंगला बहुधा चुणचुणीत मूलच पाठवले जाते, हेही तिथे नमूद करा. पण पटसंख्येच्या तक्त्यापेक्षा यातून शाळेच्या भवितव्यावर अधिक गंभीर चर्चा होईल. शाळा चालवायची की नाही हा निर्णय पैसा, शिक्षकांची मंजूर पदे आणि गावातील मुलांची संख्या यांवरही ठरतो, आणि तो भार एकट्या स्मरणिकेवर किंवा आपल्यावर नाही.

राहिले बोर्डिंगच्या विद्यार्थ्याचे पत्र. आपण लिहिता की त्यात कंपाउंड झाडणे, पाणी भरणे ही कामे फक्त बोर्डिंगच्या मुलांना असत आणि वर्गात त्यांना नावाऐवजी ‘बोर्डिंगवाले’ म्हणून हाक मारली जाई. आपण स्वतः तेव्हा तिथे शिकवत होता, म्हणून हे पत्र आपल्याला अधिक बोचले असणार. ते छापावे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शाळेने जातीपातीवरून दूर ठेवलेल्या मुलांना आत घेतले, तिच्याच आवारात पुन्हा दोन प्रकारची मुले झाली, तर ती गोष्ट शाळेच्या इतिहासाचा भाग आहे आणि ती त्याच मुलाच्या शब्दांत यायला हवी. ती वगळली तर बाकी सगळी यादी खरी असूनही बोर्डिंगमधून गेलेल्या प्रत्येकाला खोटी वाटेल. मात्र छापण्याच्या निर्णयाआधी त्याला आपण स्वतः, समितीच्या नावाने नव्हे तर आपल्या हस्ताक्षरात, उत्तर लिहा. पत्र पूर्ण वाचले हे कळवा, त्या कामांच्या वाटपाविषयी आपल्याला काय आठवते ते लिहा, आणि पत्र नावानिशी छापावे, नावाशिवाय छापावे की छापूच नये, हे त्याला विचारा. समितीतील कोणी मजकूर सौम्य करायला सांगितले तर नकार द्या. पत्र एकतर त्याच्या संमतीने जसेच्या तसे जावे किंवा जाऊ नये. त्याच काळातील बोर्डिंगच्या आणखी दोनचार मुलांनाही हेच प्रश्न विचारा, त्यांची आठवण वेगळी असू शकेल, आणि तीही त्याच पानावर छापा. आज बोर्डिंग चालू असेल तर कामांची पाळी सध्या कशी लावली जाते, हे रेक्टरना या आठवड्यातच विचारून घ्या, कारण त्या विद्यार्थ्याचे पुढचे पत्र बहुधा हेच विचारणारे असेल.